यादीत नसलेली मादरिना

"मिस, यात मादरिना कुठे लिहायची?"

यारेलीनं फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आणि बोटानं वरून खाली यादी दाखवत गेली. आई-वडील. नवरा किंवा बायको. भाऊ-बहीण. आजी-आजोबा. आणि सगळ्यात शेवटी इंग्रजीतला तो एकच शब्द, ज्यात आपली मावशी, आत्या, काकू आणि मामी सगळ्या कोंबून बसवलेल्या असतात. प्रत्येक नात्यासमोर एक रिकामा चौकोन होता. पाच चौकोन, आणि त्यांच्याखाली सहीची रेघ.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"चेलो. माझी मादरिना. रविवारी पहाटे गेली."

मादरिना म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातावर घेणारी धर्ममाता, एवढं मला ठाऊक होतं. त्या विद्यापीठात सहा वर्षं काढल्यावर एवढं तरी कळायलाच हवं होतं. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, द्राक्षं आणि बदामांच्या मळ्यांमध्ये ते विद्यापीठ होतं. निम्मी मुलं लॅटिनो, बहुतेक मेक्सिकन घरांतली, कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिलीच. त्यांनी मध्येच शिक्षण सोडू नये म्हणून एक केंद्र उघडलेलं होतं आणि त्या केंद्रात मी सल्लागार होते. मी मूळची तासगावची. द्राक्षं ओळखीची, बेदाणे ओळखीचे, दिवसभर बेदाणा निवडून चिकट हातांनी घरी येणारी आईही ओळखीची. त्यामुळे ही मुलं मला इतरांपेक्षा जास्त कळतात, असा माझा समज होता. तो मी मिरवायचेही.

"अंत्यविधी कधी आहे?"

"गुरुवारी दहाला. आणि शरीररचनेचा पेपर गुरुवारी नऊला." ती उभीच होती. "मला जायलाच हवं, मिस. माझ्या बाप्तिस्म्याला तिनं जी मेणबत्ती धरली होती, ती आता मी धरून पुढे चालायचं. आमच्या घरात ते दुसऱ्या कोणाला देत नाहीत."

"तू बस आधी."

ती बसली. एकोणीस वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेले. नर्सिंगला जायचं एवढं एकच डोक्यात. त्यासाठी शरीररचनेत किमान बी ग्रेड लागायची, आणि त्या एका पेपरला निम्मे गुण होते. तो बुडाला की नर्सिंग बुडालं. पेपर नंतर देता यायचा, पण त्यासाठी हा फॉर्म लागायचा, आणि फॉर्मवर ते पाच चौकोन होते.

"प्राध्यापकांना विचारलंस?"

"विचारलं. ते म्हणाले, यादीत असेल तर आनंदानं. नसेल तर त्यांचे हात बांधलेले आहेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हात बांधलेले आहेत हे वाक्य मी त्या इमारतीत रोज ऐकायचे, आणि बोलणाऱ्याचे दोन्ही हात कायम मोकळे असायचे.

"कोण होती ती तुझी? म्हणजे, नात्यानं?"

"नात्यानं कोणी नाही. आईबरोबर पॅकिंग शेडमध्ये होती. पाठ गेली म्हणून तिला काम सोडावं लागलं, मग तिनं मला सांभाळलं. मी चौदा वर्षांची होईपर्यंत शाळेतून आधी तिच्याकडेच जायचे."

मी फॉर्म स्वतःकडे ओढला, पेन उचललं आणि शेवटच्या चौकोनात खूण केली. नावापुढे लिहिलं: कोन्सुएलो रेंतेरिया, मावशी.

"मिस, ती माझी तिया नाही," यारेली म्हणाली. तिया म्हणजे मावशी.

"अगं, आमच्याकडे आईच्या मैत्रिणीला मावशीच म्हणतात. शेजारणीलाही मावशी म्हणतात. नातं का रक्तावर असतं? कर सही."

"पण ती मादरिना होती."

"मादरिनाचा चौकोन आहे का इथे?"

"नाही."

"मग? उगीच घोळ घालू नकोस. हे चालतं. मला माहीत आहे."

ती फॉर्मकडे बघत राहिली. तिला ते पटलेलं नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं. पण मिस सांगतायत म्हटल्यावर या घरांतली मुलं उलट बोलत नाहीत. तिनं सही केली. मी शिक्का मारला, फॉर्म डीनच्या कार्यालयाच्या पेटीत स्वतः नेऊन टाकला आणि येताना स्वतःवर खूश होऊन कॉफी घेतली. एका मुलीचं काम पाच मिनिटांत केलं होतं मी.

परतताना जिन्यात डेब्रा भेटली. डेब्रा हॅल्वर्सन आमच्या केंद्राची संचालक. प्रेमळ बाई, कोणाशी वाईट बोललेली मी कधी ऐकली नाही, आणि म्हणूनच तिच्यावर चिडायला जागाच मिळायची नाही. तिच्या हातात गुंडाळलेलं मोठं पोस्टर होतं.

"सुला, बघ तर!" माझं सुलभा नाव तिच्या तोंडात कधी मावलं नाही. तिनं पोस्टर उलगडलं. आपलेपणाच्या आठवड्याचं होतं ते. वर दोन भाषांत लिहिलेलं, 'तू इथलीच आहेस', आणि खाली हसणारी यारेली.

"छान आलाय ना फोटो? शुक्रवारी ती भाषणही करणार आहे. कुटुंब हीच आमची ताकद, या विषयावर."

"तिच्या घरी मयत झालंय, डेब्रा. गुरुवारी अंत्यविधी आहे."

"अरेरे!" तिचे डोळे खरोखर भरून आले. "मग शुक्रवारी ती येईल ना?"

शुक्रवारी यारेली आली. भाषणही केलं, चार मिनिटांचं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कागदी पताका लावलेल्या, टाकोचं टेबल मांडलेलं. मीही टाळ्या वाजवल्या.

बारा दिवसांनी ती पुन्हा माझ्या टेबलासमोर उभी होती. या वेळी फॉर्म नव्हता, पत्र होतं. डीनच्या कार्यालयाचं. 'खोटी माहिती देऊन परीक्षेत सवलत मिळवण्याचा प्रयत्न.' पेपर नंतर द्यायची परवानगी रद्द, त्या पेपरला शून्य, आणि पुढच्या गुरुवारी शिस्त समितीपुढे हजर राहायचं.

"त्यांना कसं कळलं?" माझ्या तोंडून आधी हेच निघालं. आजही मला त्याची लाज वाटते.

"त्यांनी अंत्यविधीचा पुरावा मागितला होता. मी कार्ड दिलं."

ते कार्ड तिनं मला दाखवलं. चर्चमध्ये वाटतात तसं, घडी घातलेलं, बाहेर चेलोचा फोटो. आत इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये मागे राहिलेल्यांची नावं. सख्ख्या भाच्या पाच होत्या, त्यांची नावं खाली एका ओळीत. त्यांच्या वर, सगळ्यांच्या आधी, एकटं एक नाव होतं: धर्मकन्या, यारेली ओरोस्को.

तिला त्या घरात सगळ्यात वरची जागा दिली होती, आणि तोच कागद तिच्याविरुद्ध पुरावा झाला होता.

"तू मला न विचारता कार्ड का दिलंस?" मी चिडून म्हणाले. चिडायचं होतं स्वतःवर, आणि समोर ती होती.

"त्यांनी मागितलं, मिस. त्यात खोटं काही नव्हतं."

मी तडक डेब्राकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा छातीवर हात ठेवला.

"हे फार दुःखद आहे," ती म्हणाली. "आपण पुढच्या सत्रात यावर एक संवाद वर्तुळ घेऊ या. शोक आणि संस्कृती. यारेलीला बोलावू."

"पुढच्या सत्रात ती इथे असेल का हा प्रश्न आहे, डेब्रा. तू डीनला फोन कर. आत्ता. सांग की ती खूण मी केली."

"सुला, तू तसं कुठे लेखी दिलंयस का?"

"नाही अजून."

"मग देऊ नकोस." तिनं उठून दार लोटलं. "केंद्राचं नाव यात आलं तर पुढच्या वर्षी हे केंद्र राहील की नाही सांगता येत नाही. मग या सगळ्या मुलांनी कुठे जायचं? एका मुलीचा विचार करायचा की सगळ्यांचा?"

"आपण एका मुलीचा फोटो लावलाय भिंतीवर."

"ते बोलणं बरोबर नाही," डेब्रा दुखावून म्हणाली. आणि मग, तितक्याच प्रेमानं, "तू दमली आहेस. घरी जा."

मी घरी गेले नाही. त्या इमारतीत मी त्या आठवड्यात चार दारं ठोठावली. एकानं सांगितलं, यादी समितीनं बनवली आहे. समितीनं सांगितलं, यादी वकिलांनी तपासली आहे. वकिलांच्या कार्यालयातली मुलगी म्हणाली, धर्ममाता म्हणजे नक्की काय असतं? समजावून सांगायला लागले तर तिचा फोन वाजला. प्रत्येक जण सहानुभूतीनं माझी बोळवण करत होता. कोणी एकानं जरी हाकलून दिलं असतं तरी मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी यारेलीबरोबर तिची आई आली होती. सेन्योरा एल्विरा. शेडमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन, घरी जाऊन, इस्त्री केलेला ब्लाऊज घालून आली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. दारावरच्या माणसानं सांगितलं की पालकांना आत परवानगी नाही, विद्यार्थिनीनं हवं तर एक सोबती आणावा. सोबती म्हणून मी नाव दिलं होतं. एल्विरा बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली.

"आईला काय सांगितलंयस?" मी यारेलीला विचारलं.

"मादरिनाच्या वेळच्या रजेचं बोलायला बोलावलंय, एवढंच. मिस, माझी आई तिच्या मैत्रिणीच्या दुःखात आहे. तिला हे नको."

आत तिघं होते. अध्यक्ष मिस्टर प्रूएट, एक प्राध्यापिका आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसलेला एक मुलगा. प्रूएटनं फॉर्म समोर ठेवला. माझ्या अक्षरातला.

"मिस ओरोस्को, मृत व्यक्ती तुमची मावशी होती का?"

"नाही, सर."

"मग तुम्ही तसं का लिहिलंत?"

 मला वाटलं यारेली माझ्याकडे बघेल. तिनं बघितलं नाही.

"मी चूक केली," ती म्हणाली.

"ते मी लिहिलं," मी म्हणाले.

"मिस झांबरे, तुम्ही सोबतीला आला आहात. तुम्हाला विचारल्याशिवाय—"

"तर मग विचारा ना मला! अक्षर बघा ते, तिचं आहे का? ती दोनदा नाही म्हणाली. मी तिला सही करायला लावली. मी म्हटलं, हे चालतं. का म्हटलं ते विचारा."

कोणी विचारलं नाही. मग मीच सांगितलं.

त्याच्या आदल्या वर्षी तासगावला सोनाबाई गेली. सोनाबाई आमच्या शेजारची, माझ्या आईबरोबर बेदाणा निवडायला जाणारी. पुढे दम्यानं घरी बसली आणि मला सांभाळलं. मी कॉलेजला जावं म्हणून माझ्या वडिलांशी भांडली ती सोनाबाई, माझी आई नव्हे. मी तिला मावशी म्हणायचे. रक्ताचं नातं सोडा, आमचं आडनाव काय, मूळ गावही एक नव्हतं. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी याच विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या फॉर्मवर, याच शेवटच्या चौकोनात खूण केली आणि लिहिलं, मावशी.

"मला चार दिवसांची रजा मिळाली," मी समितीला म्हणाले. "पुरावा कोणी मागितला नाही. कार्ड मागितलं नाही. उलट केंद्राकडून पांढऱ्या लिलींचा गुच्छ आला घरी. तिनं केलं तेच मी केलं होतं. मग मला बसवा ना त्या खुर्चीवर!"

माझा आवाज चढला होता. प्राध्यापिकेनं खाली बघितलं. विद्यार्थी प्रतिनिधी पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे," प्रूएट शांतपणे म्हणाला. "पण कर्मचाऱ्यांच्या रजेचं धोरण वेगळं आहे. ते या समितीच्या कक्षेत येत नाही. आणि सही विद्यार्थिनीची आहे."

बस. एवढंच. मला वाटलं होतं, मी हे बोलले की काहीतरी हलेल. निदान माझी चौकशी लागेल, नोकरी जाईल, काहीतरी. आजपर्यंत मला त्याबद्दल कोणी एक ओळ लिहून विचारलेलं नाही.

"मिस ओरोस्को, तुम्हाला शेवटी काही सांगायचं आहे?"

यारेलीनं हात पुढे करून फॉर्म स्वतःकडे फिरवला. बराच वेळ तो वाचला, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा.

"मला पेपरचं नंतर बघता येईल," ती म्हणाली. "पण हे लिहायला नको होतं. तिया मला सात आहेत. मादरिना एकच होती. तिनं मला हातावर घेऊन देवासमोर शब्द दिला होता, की आई नसेल तिथे मी असेन. मी तिला एका चौकोनासाठी तियांमध्ये नेऊन बसवलं. तुमच्याकडे चौकोन नव्हता तर मी खाली हातानं काढायला हवा होता. मिस म्हणाल्या म्हणून नाही काढला. त्याचं मला वाईट वाटतं."

ती कोणावर रागावून बोलत नव्हती. पण ते माझ्यासाठी होतं हे मला कळलं. इतके दिवस मी विद्यापीठावर चिडत होते, यादीवर, डेब्रावर, प्रूएटवर. आणि ती पहिल्या दिवसापासून एवढंच सांगत होती की ती मावशी नाही. तिच्या माणसाला माझ्या सोयीचं नाव देऊन मीच मोकळी झाले होते.

आम्हाला वीस मिनिटं बाहेर बसवलं आणि परत बोलावलं. समितीनं सौम्यपणे विचार केला होता. निलंबन नाही, फक्त लेखी ताकीद, दोन वर्षं नोंदीत राहील. शून्य मात्र कायम. प्रूएट म्हणाला, ही शिकण्याची संधी समजा.

शून्य म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे नर्सिंग नाही. पुन्हा तो विषय घेतला तरी नर्सिंगच्या जानेवारीतल्या अर्जावर प्रश्न होता, तुमच्यावर कधी शिस्तीची कारवाई झाली आहे का, आणि त्यासमोरही एक चौकोन. यारेलीनं तो अर्ज भरलाच नाही. डिसेंबरनंतर ती विद्यापीठात दिसली नाही. तीन वर्षांनी त्या रजेच्या फॉर्मवर सहावा चौकोन आला, 'विद्यार्थी ज्यांना कुटुंबीय मानतो अशी व्यक्ती', आणि त्यासाठी मी पाठपुरावा केला म्हणून डेब्रानं मला एक मानचिन्ह दिलं. ते कपाटात, फायलींच्या मागे आहे.

पण त्या दिवशी आम्ही त्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा एल्विरा बाकावरून उठली. दार आमच्या मागे उघडंच राहिलं होतं. आत तिघं कागद गोळा करत होते.

"काय म्हणाले?" तिनं लेकीला स्पॅनिशमध्ये विचारलं. तेवढं स्पॅनिश मला येत होतं.

 लहानपणापासून यारेली आईसाठी दवाखान्यात, बँकेत, शाळेत भाषांतर करत आली होती. तिला सवय होती.

"म्हणाले, मादरिनाचं ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं."

"त्या सगळ्यांना?"

"हो, आई. तिघांनाही. म्हणाले, आम्ही तुमच्या दुःखात आहोत."

एल्विराचा चेहरा एकदम सैल पडला. तिनं पर्समधून रुमाल काढून डोळे पुसले, ब्लाऊज खाली ओढून नीट केला, आणि आम्हाला काही कळायच्या आत ती त्या उघड्या दारातून आत गेली.

यारेलीचा हात पुढे झाला, पण उशीर झाला होता. तिच्या आईनं आधी प्राध्यापिकेचा हात दोन्ही हातांत घेतला. मग त्या मुलाचा. मग टेबलाला वळसा घालून प्रूएटचा. प्रत्येकाला ती म्हणत होती, "ग्रासियास. मुचास ग्रासियास. दिओस लो बेन्दिगा." खूप आभार, देव तुमचं भलं करो.

प्रूएट अर्धवट उठून उभा राहिला. त्याच्या हातात अजून तो फॉर्म होता. "यात आभार कसले," तो हसून इंग्रजीत म्हणाला.

मी पुढे सरकले. यारेलीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"मिस, आता तुम्ही काही करू नका," ती हळूच म्हणाली. "प्लीज."

मी थांबले. एल्विरा बाहेर आली आणि शेवटी माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातांना माझ्या आईच्या हातांसारखा द्राक्षांचा आंबूस वास होता. "ग्रासियास, माएस्त्रा," शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं ती म्हणाली, आणि मी तेही आभार घेतले.